रद्द, रोखलेले आणि लॅप्स झालेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'ट्रम्प यांनी परदेशी मदत बंद केली' हे वाक्य बातम्यांत सर्रास दिसते. पण मंजूर निधी एकट्याने रद्द करण्याचा अधिकार अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला नाही. राष्ट्राध्यक्ष असताना निक्सन यांनी असा निधी अडवण्याचा सपाटा लावला, म्हणून तर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९७४ मध्ये खास कायदा केला.

रक्कम नको असेल तर राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसकडे प्रस्ताव धाडायचा. मग ४५ दिवस पैसे रोखता येतात. तेवढ्यात दोन्ही सभागृहांनी होकार दिला तर रक्कम रद्द, नाहीतर ती सोडावीच लागते. जुलै २०२५ मध्ये या सरळ वाटेने सुमारे ९ अब्ज डॉलर रद्द झाले, त्यात जवळपास ८ अब्ज परदेशी मदतीचे. या वाटेवर घासाघीस होते: एचआयव्हीविरोधी 'पेपफार' कार्यक्रमाची ४० कोटींची कपात सिनेटने वगळायला लावली.

खरी मेख पुढच्या प्रस्तावात आहे. ४.९ अब्जांचा तो प्रस्ताव गेला २८ ऑगस्टला आणि तिथले आर्थिक वर्ष संपते ३० सप्टेंबरला. उरले ३३ दिवस, रोखायची मुभा ४५ दिवसांची. काँग्रेस नुसती गप्प बसली तरी पैसे लॅप्स, म्हणजे वर्ष संपले म्हणून आपोआप बाद! मार्च एंड पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. फक्त आपल्याकडे निधी लॅप्स होऊ नये म्हणून धावपळ चालते. काँग्रेसच्या 'जीएओ' या लेखापरीक्षण संस्थेने ही युक्ती २०१८ मध्येच बेकायदा म्हटली होती.

मग कोर्टाने काय केले? मदतसंस्थांनी केलेल्या कामाची बिले थकवण्याची सरकारची धडपड सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये ५-४ ने रोखली होती. सप्टेंबरात मात्र पारडे फिरले. खालच्या कोर्टाचे न्यायाधीश अमीर अली यांनी हा निधी वापरा म्हणून दिलेल्या आदेशाला, सुमारे ४ अब्जांपुरती, २६ तारखेला ६-३ ने स्थगिती मिळाली. निकाल अंतिम नव्हे. मदतसंस्थांना १९७४ च्या कायद्याच्या आधारे दावाच लावता येत नाही, हा सरकारचा मुद्दा प्रथमदर्शनी ग्राह्य धरला गेला. कायद्याने दाव्याचा हक्क दिलाय तो जीएओच्या प्रमुखांना. त्यांनीही आधी काँग्रेसला कळवून अधिवेशनाचे २५ दिवस थांबायचे. निकाल लागेपर्यंत आर्थिक वर्ष कुठले उरायला!

तेव्हा मथळ्यात सरसकट 'बंद' लिहिण्याऐवजी निधी रद्द झाला, रोखला की लॅप्स झाला, एवढे तरी सांगावे.

– एक वाचक, पुणे