तिकीट गावाचे, गाडी फाट्यापर्यंत

प्रति,
मा. संचालन व्यवस्थापक,
भाडेतत्त्वावर बसगाड्या पुरवणारी कंपनी

विषय : मंजूर मार्गाचे शेवटचे ३ किलोमीटर न चालवता गाडी फाट्यावरून वळवण्याबाबत

महोदय,

आमच्या गावची संध्याकाळची एसटी तुमच्या कंपनीच्या गाडीवर गेल्यापासून गावात येत नाही. फाट्यावर माणसे उतरवते आणि तिथूनच माघारी वळते. पाटीवर आमचे गाव, वेळापत्रकात शेवटचा थांबा आमचा, तिकिटावरही आमचेच नाव. फाट्यापासून गाव ३ किलोमीटर. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये ओढा, दिवा एक नाही. तालुक्याला अकरावी-बारावीला जाणाऱ्या पोरी हे अंतर अंधारात तुडवतात.

ड्रायव्हर तुमचा, कंडक्टर महामंडळाचा. कंडक्टर म्हणतो, स्टिअरिंग माझ्या हातात नाही. ड्रायव्हर म्हणतो, रस्ता खराब आहे, पाटे तुटले तर पगारातून कापतात. त्याच्यावर आमचा राग नाही. पण याच रस्त्याने कारखान्याचे ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, आणि आधीची लाल गाडी तर मुक्कामी येत होती.

आता पैशाचे. भाड्याच्या गाडीचा हिशेब साधारण असा : तिकिटाचा गल्ला महामंडळाचा, कंपनीला किलोमीटरमागे ठरलेला दर. गाडीत पाच माणसे असोत की पन्नास, तुमचे काही बिघडत नाही. खेड्याच्या मार्गाला ही पद्धत खरे तर सोयीची, कारण कमी प्रवाशांचा तोटा कंपनीच्या अंगावर येत नाही. मग जाऊन-येऊन हे ६ किलोमीटर तुमच्या बिलात लागतात की नाही? लागत असतील तर न चाललेल्या वाटेचे पैसे तुम्ही घेता. लागत नसतील तर रोजची फेरी अपुरी म्हणून नोंदली जायला हवी. तिसरा प्रकार मला तरी सुचत नाही. गाडीत जीपीएस आहे, त्याची नोंद काढा.

प्रवाशाला मात्र सूट नाही. एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्याने लागते. फाटा आणि गाव एकाच टप्प्यात पडतात, म्हणून अलीकडे उतरवले तरी तिकीट रुपयाने कमी होत नाही. बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना मोफत, मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास. या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते. थोडक्यात, आमची पायपीट सरकारी खर्चाने चालू आहे.

फोनवर तुमच्या माणसाने सांगितले की करार महामंडळाशी आहे, गावकरी आमचे ग्राहक नाहीत. त्याला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ वाचायला द्या. सेवेत वाहतूक येते, आणि पैसे दुसऱ्याने भरले तरी त्याच्या संमतीने सेवा घेणारा ग्राहकच असतो. पासवाली पोरगीसुद्धा त्यात येते, असे आमचे म्हणणे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ७२ नुसार परवान्याला किमान फेऱ्यांच्या, मंजूर वेळापत्रकाच्या अटी घालता येतात. शिवाय रस्ता वाहतूक महामंडळ अधिनियम, १९५० चे कलम १८ महामंडळावर कार्यक्षम आणि पुरेशी सेवा देण्याचे कर्तव्य टाकते. गाडी भाड्याने घेतल्याने ते कर्तव्य संपत नाही, आणि तुम्ही पैसे घेता ते त्याच कामाचे.

तेव्हा गाडी उद्यापासून पारापर्यंत यावी. रस्ता खरेच अडवत असेल तर तसे महामंडळाला लेखी कळवा. त्याची प्रत घेऊन जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आम्ही जाऊ. खड्डे बुजवणे तुमचे काम नाही, एवढे आम्हालाही कळते. फाट्यावरून वळलेल्या फेऱ्यांचे किलोमीटर बिलातून वगळले की नाही, हेही लिहून द्या.

१५ दिवसांत उत्तर आले नाही तर करार माहितीच्या अधिकारात महामंडळाकडून मागवू आणि परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. ५ लाखांपर्यंत तिथे फी नाही, आणि तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. तुमचे वकील गावाची पाहणी करायला येणार असतील, तर त्यांनी कृपया संध्याकाळच्या गाडीने यावे.

आपला,
एक पालक व प्रवासी

सोबत : गावकऱ्यांच्या सह्यांचे पान, तिकिटांच्या झेरॉक्स
प्रत : आगार व्यवस्थापक, विभाग नियंत्रक