ती. काकांना, आमच्या बदकिणीच्या पायासाठी

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमचं घर व्हाळापलीकडेच आहे, तेव्हा हे सगळं समोर बसून सांगता आलं असतं. पण तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि पावसापाण्याचं विचारायला लागता. शिवाय तुम्ही जे केलंत ते परड्यात दोन-चार बदकं पाळणाऱ्या प्रत्येक घराला कळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

आमची खाकी कॅम्पबेल बदकीण कुत्रं मागे लागल्यावर पळाली आणि गडग्याच्या चिऱ्यांत तिचा पाय अडकला. ओढाताणीत सांधा टम्म सुजला, पाय टेकवेना. बघायला आलेले एकच सांगत होते : काही शे रुपयांचं पाखरू, त्याला कसलं औषध करता, कापून मोकळ्या व्हा. तुम्ही आलात आणि विचारलंत, "सकाळपासून पाणी प्यायली का?"

पशुसंवर्धन खात्यात उभी हयात काढलेला माणूस जनावराला हात कसा लावतो, ते त्या दिवशी जवळून पाहिलं. मुलगा तिला पायाला धरून उचलणार होता. तुम्ही त्याला थांबवलंत. बदकाचे पाय नाजूक असतात, पायाला धरून उचललं तर चांगला पायही दुखावतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून, पोटाखाली तळवा देऊन तुम्ही तिला उचललंत आणि माझ्या मांडीवर ठेवलंत. मग आधी चांगला पाय चाचपलात, वरपासून बोटांपर्यंत, सावकाश. त्यानंतर दुखरा, त्याच क्रमाने. हाड कुठे करकरतंय का, पाऊल गार पडलंय का, बोटाला चिमटा काढला तर पाय ओढून घेते का. तिने ओढून घेतला तेव्हा तुमच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला. तरीही "मी डॉक्टर नाही" म्हणत तुम्ही स्वतः तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावलात आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर आलात. हाड शाबूत होतं, सांधा मुरगळला होता.

एका गोष्टीसाठी तर तुमचे विशेष आभार. घरात गुडघेदुखीच्या गोळ्या असतातच, त्यातलीच अर्धी पाण्यात विरघळवून पाजू, असं आमच्याकडे ठरत होतं. तुम्ही पाकीट हातात घेऊन नाव वाचलंत : डायक्लोफिनॅक. मग ओसरीवर बसून शांतपणे सांगितलंत की हेच औषध टोचलेल्या गुरांची मढी खाऊन देशभरातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, आणि म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तुमची काही वर्षं रायगडात गेली होती. म्हसळ्याकडे चिरगावच्या झाडांवर उरलेली गिधाडं तुम्ही पाहिली होती, त्यामुळे ते सांगताना तुमचा आवाज बदलला. डॉक्टरांनी तिला वजन करून मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं दुसरं औषध दिलं. औषध चालू असताना आणि नंतरही डॉक्टर सांगतील तोवर अंडी खायची नाहीत, हे तुम्ही जाताना दोनदा बजावलंत.

पण खरा आधार झाला तो तुमच्या टबाचा. कोमट पाणी इतकंच भरायचं की तिचं अंग तरंगेल आणि पावलं तळाला टेकणार नाहीत. सांध्यावर भार न पडता पाय हलत राहतो. पहिल्यांदा तुम्ही टबाशेजारी उकिडवे बसलात आणि मलाही बसवलंत. पाय मागे रेटताना बदकाच्या बोटांमधला पडदा पसरतो आणि पुढे आणताना मिटतो. इतकी वर्षं बदकं पाळतेय, पण ही उघडमीट मी कधी निरखून पाहिली नव्हती. डावा पाय पूर्ण पसरत होता. उजव्याचा पडदा अर्धाच उघडायचा, आणि तोही जरा मागाहून. "रोज हेच बघायचं," तुम्ही म्हणालात, "चाल सुधारायच्या आधी पोहणं सुधारेल." तसंच झालं. जमिनीवर ती अजून फरफटत होती तेव्हाच पाण्यात उजवा पडदा पूर्ण उघडू लागला. तो उघडलेला दिसला त्या दिवशी मी हातातलं काम टाकून तुम्हाला फोन केला होता.

चांगल्या पायाच्या तळव्याकडे लक्ष ठेवायला तर कोणीच सांगितलं नसतं. सगळं अंग एकाच पायावर आलं की त्या तळव्याला घट्टा पडतो, तो चिरतो, आत जंतू शिरून गाठ होते. मग दोन्ही पाय जायची वेळ. तुमच्या सांगण्यावरून मी रोज तो तळवा पुसून बघायचे. कोब्यावर ठेवायचं नाही म्हणून पेंढा घातला, तर तुम्ही मूठभर उचलून हुंगलात आणि सगळा बाहेर काढायला लावलात. आपल्याकडच्या पावसात पेंढ्याला बुरशी यायला वेळ लागत नाही आणि ती बदकाच्या फुप्फुसात बसते. त्याऐवजी जुन्या सुती साड्यांच्या घड्या, रोज धुऊन चुलीवर वाळवलेल्या. बसून बसून छातीच्या हाडाला जखम होऊ नये म्हणून खाली जाड घडी.

नराला वेगळं ठेवायचं, कारण तो तिच्यावर चढायला बघणार आणि सांधा पुन्हा दुखावणार. पण दिसेल असं ठेवायचं, एकटी पडली तर खाणं सोडेल. मध्ये बांबूची तट्टी उभी केली. रात्री दोघं तट्टीच्या दोन बाजूंना अंगाला अंग लावून बसायची.

काका, तुम्ही सेवेत नाही. कोणी तुम्हाला पाठवलं नव्हतं. भर पावसात विजेरी घेऊन साकवावरून आलात, पैसे पुढे केले तर रागावलात. दुभत्या म्हशीला जितका वेळ दिला असता तितका या दोन किलोच्या पाखराला दिलात. आमच्या घरात तिच्यावर जीव टाकणारी एक लहान पोर आहे. मोठ्यांचं "कापा" ऐकून ती दाराआड रडत होती. तिला जवळ बोलावून तुम्ही बदकिणीच्या पाण्याचं भांडं भरायचं काम दिलंत, चोच आणि डोळे बुडतील इतकं खोल, नाहीतर नाकपुड्या चिकटतात. तेवढ्या दिवसांत पोरीने एकदाही ते भांडं रिकामं पडू दिलं नाही. यासाठी तुमचे आभार कसे मानू?

आता ती जराशी लंगडते, आणि लंगडेल असं तुम्ही आधीच सांगितलं होतंत. चिखलात सगळ्यांबरोबर गोगलगायी शोधत फिरते. अंडी पुन्हा सुरू झाली आहेत.

टब घासून ठेवलाय, रविवारी मुलगा घेऊन येईल. त्याच्याबरोबर अंडी देतेय, ती कृपा करून परत पाठवू नका, औषध बंद होऊन पुष्कळ दिवस झालेत. आणि वरच्या वाडीत एकाची बदकाची पिल्लं पाय वाकडे टाकायला लागली आहेत. नुसत्या भातावर वाढवलीत. कोंडा आणि बिनमिठाचा जवळा कुटून घाला, दवाखान्यात दाखवा, इतकं मी तुमच्याकडून शिकलेलं सांगून आलेय, पण एकदा तुमची नजर पडली तर बरं. जमेल तेव्हा या, मी बरोबर येते.

तुमची,
व्हाळाअलीकडची