रुपया एक आणा

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बाळ्या,

व्हॉट्सॲप असताना ह्याला पत्राचं खूळ कुठनं आलं, असं म्हणशील. पण तुझा फोन तिथं लातूरला हॉस्टेलवाल्यांकडं जमा. रविवारी दहा मिनिटं मिळतो आणि ती दहाची दहा काकू खातात, जेवलास का विचारण्यात. मग उरलं पत्र. याआधी 'मित्रास पत्र' लिहिलं ते दहावीच्या पेपरात, मार्कांसाठी.

त्यानंतर मराठीशी संबंधच संपला बघ. अकरावीला बायफोकलला, म्हणजे दोन विषयांऐवजी घेतात त्या एका मोठ्या विषयाला, कॉम्प्युटर सायन्स घेतलं तेव्हा बायोलॉजी सुटली म्हणून मी नाचत घरी आलो होतो, तुला आठवत असेल. तिच्याबरोबर मराठीही गेली हे वर्ग सुरू झाल्यावर ध्यानात आलं. दोन पेपर, दोनशे मार्क, प्रत्येकात पन्नास लेखी आणि पन्नास प्रॅक्टिकल. सगळे म्हणाले, स्कोरिंग आहे, डोळे झाकून घे. आता क्लासचे सर म्हणतात, इंजिनिअरिंगच्या सीईटीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. कॉम्प्युटरचा एक मार्क नाही, त्याच्यात वेळ घालवू नका. आणि गावी गेलो की सगळ्यांना वाटतं पोरगा कॉम्प्युटर शिकतोय म्हणजे सातबारा काढून देईल. गेल्या खेपेला चार जणांची ई-पीक पाहणी करून आलो. उन्हात, त्यांच्या बांधावर उभा राहून!

पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल. ते जमतंय, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या पेपरात मात्र ८०८५ आहे आणि मी त्याच्या नादाला लागलोय. इंटेलची १९७६ सालची चिप. चाळीस पायांची गोम म्हण. लॅबमध्ये तिचं किट असतं. स्क्रीन नाही, माउस नाही. कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि लाल आकड्यांची एक पट्टी, डावीकडं चार घरं पत्त्याची, म्हणजे मेमरीतल्या जागेची, उजवीकडं दोन तिथल्या मजकुराची. आकडे सोळाच्या हिशेबातले, नऊच्या पुढं दहा ते पंधरासाठी ए ते एफ अक्षरं. त्या पट्टीवर 'बी' मोठा काढला तर आठासारखा दिसेल म्हणून लहान काढतात, मग तो सहासारखा दिसतो. फरक फक्त वरच्या एका आडव्या रेघेचा. आमच्या एका किटवर नेमकी तीच रेघ गेलेली. त्या किटवर बसायला कोणी तयार नसतं.

प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, मग तक्त्यात बघून प्रत्येक आज्ञेचा आकडा शोधायचा आणि एकेक बटण दाबून भरायचा. मंगळवारी पाच आकड्यांची बेरीज होती. २००६ ह्या पत्त्यावर परत उडी मारायची, तर मी सरळ वाचतो तसं 'सी२ २० ०६' भरलं (सी२ हा उडीच्या आज्ञेचा आकडा). ८०८५ ला पत्ता उलटा द्यावा लागतो, शेपूट आधी आणि तोंड मागनं, 'सी२ ०६ २०'. माझा प्रोग्राम ०६२० ला जाऊन पडला, म्हणजे किटच्या स्वतःच्या मेमरीत, आणि पट्टी आंधळी झाली. अर्धा तास मी दुसरीकडंच चूक हुडकत बसलो. सापडली आणि तेवढ्यात लाइट गेली! वीज गेली की भरलेलं सगळं पुसलं जातं. पहिल्यापासून भरलं. शेवटी उत्तर आलं तेव्हा, खरं सांगतो, दहावीच्या निकालाला झाला नव्हता एवढा आनंद झाला.

जुनाट आहे, आता कोण वापरतं, असं वर्गातले म्हणतात. त्यांना मी सांगितलं की १९९७ साली मंगळावर सोजर्नर नावाची छोटी गाडी फिरली, तिच्यात ह्याच ८०८५ चं भावंड होतं, ८०सी८५. पटलं नाही कुणाला.

पण पत्र लिहायला बसलो ते आबांमुळं. मोतीबिंदूसाठी मिरजेला आले होते, चार दिवस माझ्या खोलीवर राहिले. डोळ्यावर हिरवी पट्टी, कॉटवर आडवे. मी ती सोळाच्या हिशेबातली बेरीज, हेक्साडेसिमल म्हणतात तिला, पुटपुटत होतो, नऊ आणि आठ अकरा, नऊ आणि आठ अकरा. आबा म्हणाले, "शाळेत पैसे भरलेत का पाण्यात टाकलेत? नऊ आणि आठ सतरा." म्हटलं, आबा, इथं दहावर नाही, सोळावर हातचा येतो. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मग रुपया एक आणा म्हण की."

बाळ्या, मी पेनच खाली ठेवलं. सतरा आणे म्हणजे एक रुपया, एक आणा. एकावर एक. अकरा! मी विचारलं, एफएफ म्हणजे? त्यांना एफ म्हणजे पंधरा एवढं सांगितलं, तर लगेच, "पंधरा रुपये पंधरा आणे." तोंडी गुणाकार करून वर सांगितलं, "दोनशे पंचावन्न आणे झाले." जे मला कळायला दोन महिने लागले, ते चौथी शिकलेल्या माणसानं झोपल्या झोपल्या केलं. म्हणाले, आम्हाला हे तोंडपाठ होतं, मग १९५७ ला नवे पैसे आले आणि मोडलं. आण्याला सहा नवे पैसे धरायचे, सोळा आण्यांचे झाले शहाण्णव, आणि रुपयाचे शंभर. वरचे चार कुणाच्या खिशात, ह्यावर बाजारात तंटे. त्या वेळी ते बारा वर्षांचे होते, अजून त्या चार पैशांवर राग आहे.

जानेवारीअखेर प्रॅक्टिकल लागतील. तोपर्यंत मी बेरजा आण्यांतच करणार, सरांना काय वाटायचं ते वाटो. तू मराठी ठेवलंयस ना? परीक्षा झाली की ते पुस्तक रद्दीत घालू नकोस, मला दे.

तुझाच,
पिंट्या

ता. क. आबा लातूरला तुझ्यासाठी भडंग पाठवा म्हणाले. दोन पाकिटं आणली होती. एक पाठवतोय.