चि. समीरास: बोल्टनच्या रविवाराविषयी

पुणे, रविवार सकाळ

चि. समीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री मृणालचा फोन आला होता. तिने तुझी तक्रार केली नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तू तिच्यावर रागावणार नाहीस. कानाच्या तपासणीचे पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि ते तू खणात ठेवून दिलेस, एवढेच ती म्हणाली. या विषयावर मी एकदाच लिहिणार आहे, असे ठरवूनच कागद पुढे ओढला आहे. समीर, ती तपासणी करून घे. झाले, संपले.

आता ईराचा प्रश्न. आजी लहानपणी इंग्लंडमध्ये होती, तेव्हा घरात टीव्ही नसताना रविवार कसा जायचा, असे तिने शाळेच्या प्रकल्पासाठी विचारले आहे. मी मराठीतच लिहिते. तू तिला वाचून दाखव.

माझ्या वडिलांना, नानांना, गिरणीने यंत्रांचे काम शिकायला पाठवले होते आणि १९५५ ते १९५९ अशी चार वर्षे आम्ही लँकेशायरमधल्या बोल्टनला राहिलो. तेव्हा रेडिओ बाळगायचाही परवाना लागे, वर्षाला एक पौंड. पुढच्या खोलीत लाकडी पेटीचा मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. कळ फिरवली की तो लगेच बोलत नसे. आधी तबकडीमागचा दिवा उजळायचा, हिल्व्हरसम, लक्झेंबर्ग, ॲथलोन ही नावे पिवळी होऊन वर यायची, मग तापलेल्या धुळीचा वास सुटायचा आणि त्यानंतर कुठे खोल विहिरीतून यावा तसा आवाज वर येई. त्या अर्ध्या-एक मिनिटात आम्ही भावंडे श्वास रोखून बसत असू.

आठवड्याच्या इतर दिवशी रेडिओ आईचा असे. सकाळी नऊला गृहिणींच्या आवडीची गाणी, पावणेदोनला धाकट्या बाळूसाठी ‘लिसन विथ मदर’ची पंधरा मिनिटांची गोष्ट आणि लगेच दोनला ‘वुमन्स अवर’. आईचे इंग्रजी त्या पेटीने घडवले. पण रविवार सगळ्यांचा. दुपारी बाराला बीबीसीच्या लाइट प्रोग्रॅम या केंद्रावर ‘टू-वे फॅमिली फेव्हरिट्स’ लागे. जर्मनीत असलेल्या ब्रिटिश सैनिकांनी घरच्यांसाठी आणि घरच्यांनी त्यांच्यासाठी मागितलेली गाणी, एक निवेदक लंडनमध्ये आणि दुसरा तिकडे. पूर्वी हे काम करणारे जीन मेटकाफ आणि क्लिफ मिशेलमोर यांची ओळख अशी समुद्राच्या दोन तीरांवरून, केवळ आवाजावर झाली आणि १९५० मध्ये त्यांनी लग्न केले. आईला ही गोष्ट फार आवडायची. शेजारच्या प्रत्येक घरातून त्या वेळी भाजत्या मांसाचा वास आणि तेच गाणे येई. आमच्या घरात तेच गाणे आणि वाटाण्याच्या डाळीचे वरण, कारण तूरडाळ तिथे मिळत नसे.

दीडला बिली कॉटनच्या वाद्यवृंदाची पाळी. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच तो ‘वेकी वेकी’ अशी आरोळी ठोकायचा आणि बाळू हातातला चमचा टाकून तशीच आरोळी ठोकायचा. मग अर्ध्या तासाचा विनोदी कार्यक्रम. आम्हाला सर्वांत आवडे तो ‘एज्युकेटिंग आर्ची’. त्यात पीटर ब्रफ नावाचा शब्दभ्रमकार आणि त्याचा आर्ची नावाचा बाहुला होता, आपल्या पाध्यांच्या अर्धवटरावासारखाच. रेडिओवर शब्दभ्रमकाराचे ओठ कोणाला दिसणार, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनाला शिवलाही नाही, आर्ची आमच्यासाठी खराच मुलगा होता.

ओठांचा विषय निघाला म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

बोल्टनच्या विणकाम खात्यात मागांचा आवाज इतका असे, की शेजारी उभ्या बाईचा शब्दही ऐकू येत नसे. तिथल्या बायका मोठमोठे ओठ हलवून बोलत आणि एकमेकींचे ओठ वाचत. या बोलण्याला त्या ‘मी-मॉ’ म्हणत. नानाही ते शिकले. आधी मुंबईच्या गिरणीत काढलेली वर्षे होतीच. त्यांचे कान उणे होत चालले होते, पण जिथे सगळेच ओठ वाचतात, तिथे हे कोणाच्या लक्षात येणार? शेजारच्या विणकर बाईंनी मात्र एकदा आईला विचारले होते, की तुमचे यजमान माझ्या डोळ्यांकडे का पाहत नाहीत, ते माझ्या तोंडाकडेच का पाहतात?

रेडिओला तोंड नव्हते. नाना रविवारी रेडिओकडे पाठ करून बसू लागले, आमच्याकडे तोंड करून. मी नऊ वर्षांची असेन. आर्चीने काहीतरी म्हटले, आम्ही हसलो, आणि नाना आमच्यानंतर हसले. एका श्वासाइतका उशीर, जास्त नाही. पुढच्या रविवारी मी मुद्दाम, विनोद नसताना, मोठ्याने हसले. नानाही हसले. समीर, अडुसष्ट वर्षे झाली, पण तो क्षण मला अजून पुसता आलेला नाही. मी त्यांना पकडले होते आणि पकडल्यानंतर काय करायचे ते मला कळत नव्हते. मी कोणालाच सांगितले नाही.

त्याच देशात १९४८ पासून मेडरेस्को नावाचे श्रवणयंत्र सरकारी आरोग्यसेवेतून फुकट मिळत होते. खिशात किंवा छातीवर लावायची पेटी, तिथून कानापर्यंत वायर. आईने दोनदा विषय काढला. नाना म्हणाले, वायर पाहून लोक मला कामातून काढतील. तुझे यंत्र कानामागे लपेल एवढे असेल आणि तू आज त्याच देशात आहेस, तुलाही ते फुकट मिळेल. कानाच्या आतल्या त्या नाजूक पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, हे तू इंजिनिअर असून मी तुला सांगावे, आणि मेंदूलाही ऐकण्याची सवय राहावी लागते, उशीर केला तर नंतर यंत्र लावूनही ते गोंगाटासारखे वाटते, आणि

पाहा, व्याख्यान सुरू झाले. मला क्षमा कर. तू पन्नाशीला आलास. माझ्या रागावण्याचे वय तू कधीच ओलांडले आहेस.

खरे तर राग माझा माझ्यावर आहे. अकरावीत तू ताशा घेतलास तेव्हा मीच बाबांची समजूत घातली. लक्ष्मी रस्त्यावर तुझे पथक येई आणि बाकीचे ढोल थांबून तुझा एकट्याचा ताशा कडकडे, तेव्हा मी फुटपाथवरच्या अनोळखी बायकांना सांगत असे, तो माझा मुलगा आहे. आजही तो कडकडाट आठवला की ऊर भरून येतो. कानात कापूस घाल, एवढे म्हणायला मला कोणी अडवले होते? सात वर्षे तू वाजवलेस.

ईरासाठी आणखी एक. संध्याकाळी कधी ‘गून शो’ हा विनोदी कार्यक्रम लागे, त्यातला स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये आपल्या नगरला जन्मलेला आणि लहानपणी पुण्यात शाळेत गेलेला. नाना नगरचेच, पण त्यांना हे माहीत नव्हते. मला कळले तेव्हा ओरडून सांगितले, तरी त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. पाटीवर लिहून दाखवायला हवे होते. तोवर त्यांनी शिवाजी मंदिरात नाटकाला जाणे सोडले होते, लग्नकार्यात ते कोपऱ्यातली खुर्ची धरत आणि समोरच्याचा चेहरा हसला की हसत. आईने न्हाणीघरातून मारलेल्या हाकांविषयी मी लिहिणार नाही. तुला ठाऊक आहे.

व्हिडिओवर तू मला छान उत्तरे देतोस. मागच्या बुधवारी नेटवर्क नव्हते म्हणून मी साधा फोन केला, जेवायला काय केले म्हणून विचारले आणि तू म्हणालास, मंगळवारी. मृणालने मला काही सांगण्याच्या आधीच मला कळले होते. नऊ वर्षांची असताना मी गप्प बसले, आता बसणार नाही.

मृणाल म्हणाली, तपासणीची वेळ गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांची आहे. पत्र डावीकडच्या दुसऱ्या खणात, पासपोर्टांच्या खाली आहे. पुढच्या रविवारी तुमच्या दुपारी बाराला, म्हणजे आमच्या साडेपाचला, मी फोन करीन. चित्र लावणार नाही.

ईराला गोड पापा. मृणालला आशीर्वाद.

तुझी,
आई