अटकेच्या पुढची गोष्ट पण छापा की!

मा. संपादक,
स.न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'अटकेपार झेंडे'वर पानभर लेख आला, वाचला, आवडला पण. शाळेपासून ऐकतोय तरी अंगावर काटा येतोच. पण एक तक्रार आहे. १७५८ ला आपले लोक अटकेला पोचले आणि तिथेच लेख खतम. पुढे त्या अटकेचं झालं काय, तो किल्ला कोणाकडे गेला, त्यावर एक ओळ नाही.

मी राहतो नांदेडला. इथले माझे एक सरदारजी मित्र आहेत, चार पिढ्या इथेच, मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. त्यांना लेख दाखवला तर वाचून हसले आणि म्हणाले, "तुमचे झेंडा लावून परत आले ना, आमचे तिथेच राहिले होते की!" आता यावर काय बोलणार, बरोबरच आहे.

म्हणजे बघा, राघोबादादांनी लाहोर घेतलं एप्रिल १७५८ ला, मग पंजाब दिला तिथल्याच अदिना बेग नावाच्या सरदाराकडे, वर्षाला ७५ लाख देण्याच्या बोलीवर, आणि फौज निघाली परत. सप्टेंबरात तो अदिना बेगच वारला. १७५९ संपेपर्यंत अब्दाली परत पंजाबात हजर, आणि पुढचं पानिपत सगळ्यांना पाठ आहे. अटक आपल्याकडे धड दोन वर्षं पण नव्हती हो.

आणि तो किल्ला तरी कोणाचा, तर अकबराने १५८० च्या दशकात बांधलेला, नंतर नादिरशाह येऊन गेला, मग दुराणी अफगाण, म्हणजे अब्दालीचं घराणं. शिखांकडे आला १८१३ ला आणि तो पण लढून नाही. तिथला अफगाण किल्लेदार जहाँदाद खान, त्याच्या भावाला काबूलच्या वजीर फतेह खानने नुकतंच काश्मीरमधून हाकललं होतं, आता आपला नंबर म्हणून याने किल्ला सरळ शिखांचे महाराजा रणजितसिंग यांच्या हवाली केला आणि वझिराबादची जहागीर घेऊन मोकळा झाला. फतेह खान चिडून चालून आला तेव्हा जुलैत अटकेजवळच्या हजरोपाशी रणजितसिंगांचा सेनापती दिवाण मोहकमचंदने त्याला झोडपला. मग १८१८ मुलतान, १८१९ काश्मीर, १८२३ नौशेराची लढाई (निहंगांचे पुढारी अकाली फुलासिंग तिथेच मारले गेले), आणि १८३४ ला शीख सेनापती हरिसिंग नलवांनी पेशावर कायमचं राज्यात घेतलं. तीन वर्षांनी ते जमरूदला खैबरच्या तोंडाशी लढताना गेले. त्यांच्या नावाचं हरिपूर आजही पाकिस्तानात त्याच नावाने आहे.

आता याचा अर्थ सगळं छान छान होतं असं अजिबात नाही. पेशावरवर नंतर अविताबिले म्हणून एक इटालियन गव्हर्नर बसवला, लोक त्याला अबू तबेला म्हणायचे, त्याने महाबत खान मशिदीच्या मिनारांवरून माणसं लटकवल्याचं सांगतात. काश्मीरमध्ये श्रीनगरची जामा मशीद १८१९ पासून १८४३ पर्यंत बंद होती. नुसता अभिमानाचा लेख लिहायचा तर हे सोडावं लागतं, आणि मग पेशावरच्या माणसाला हे राज्य कसं वाटलं ते कळतच नाही. त्याच्यासाठी काबूलचा सरदार गेला आणि लाहोरचा आला, एवढंच. गंमत म्हणजे मुघल, दुराणी, शीख, सगळ्यांचं दफ्तर फारशीत. खालसा दरबाराचे, म्हणजे रणजितसिंगांच्या लाहोर दरबाराचे कागद पण फारशीतच निघायचे, आणि परराष्ट्राचं काम बघायला फकीर अझीझुद्दीन. राजे बदलले पण मुनशी तेच असं म्हणा ना.

आपला संबंध १७५८ नंतर संपला असं पण नाही. १८०५ ला यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढत लढत मदत मागायला थेट अमृतसरला गेले होते. मागे इंग्रज सेनापती लॉर्ड लेकची फौज बियास नदीपर्यंत आलेली. रणजितसिंगांनी मदत काही दिली नाही, उलट १ जानेवारी १८०६ च्या करारात होळकरांच्या फौजेला अमृतसरपासून ३० कोस लांब पाठवायचं कबूल केलं. मला पहिल्यांदा वाचून रागच आला होता, पण तेव्हा रणजितसिंग २५ वर्षांचे, राज्य नवीन, ते तरी काय करणार. पुढे १८४९ ला ते राज्य पण इंग्रजांनी गिळलंच. आणि याच रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये आमच्या नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा बांधून दिला, तेव्हा नांदेड निजामाकडे होतं. पेशावरची मोहीम चालू असताना इकडे गोदावरीकाठी बांधकाम चालू, हे तुमच्या लेखात किती छान बसलं असतं!

तर पुढचा भाग छापा एवढीच विनंती. आणि हो, नकाशा दुरुस्त करा. अटकेचा किल्ला तुम्ही सिंधूच्या पश्चिमेला दाखवलाय, तो पूर्वेच्या काठावर आहे. किल्लाच पलीकडे नेऊन ठेवलात तर अटकेपार जायचं कुठे?

आपला,
एक जुना वाचक, नांदेड