तेल ओतल्यावरही मेंढरंच

प्रिय सोनू,

फोनवर तू "हो गं आई" म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. ज्या प्रोजेक्टसाठी रात्र रात्र जागलीस, त्याच्या कौतुकाच्या मेलमध्ये तुझंच नाव नाही हे ऐकून मलाही राग आला. "देव बघतोय ना" एवढं म्हणून मी तुला गप्प करणार नाही.

संडे स्कूलमध्ये तुम्हा पोरांना दावीदानं मारलेला धिप्पाड गल्याथ तेवढा हवा असायचा. बायबलात त्याच्या आधीचा अध्याय काढ, १ शमुवेल १६. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी नवा राजा निवडायला आलाय. सात मुलगे एकामागून एक पुढे आले. आठव्याला, दावीदाला, बापानं बोलावलंच नव्हतं! तो रानात मेंढरं राखत होता. आणखी कोणी आहे का, हे शमुवेलालाच विचारावं लागलं, आणि तो आल्याशिवाय बसायचं नाही असं त्यानं बजावलं.

मला मात्र पुढचं जास्त आवडतं. शमुवेलानं डोक्यावर तेल ओतून दावीदाचा अभिषेक केला, आणि नंतर गादीवरच्या शौल राजाचा निरोप आला तो 'मेंढरांजवळ असणारा दावीद' पाठवा असा. तेल ओतल्यावरही काम तेच! थोरला भाऊ अलियाब तर रणांगणावर सगळ्यांदेखत खेकसला, ती थोडकी मेंढरं कोणावर टाकून आलास? घरच्यांच्या लेखी तो धाकटा तो धाकटाच. पण अलियाबाला मान्य नाही म्हणून अभिषेक काही पुसला गेला नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुली आणल्या. तिथल्याच त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये पुढे बायकांनी मराठी बायबलच्या छपाईचे खिळे जुळवले. ज्यांना कुणी दारात उभं केलं नसतं, त्यांच्या हातून.

हिंजवडीहून रविवारी पहाटे निघणं जिवावर येतं, कळतं मला. तरी पंचहौदच्या चर्चला ये. प्रभुभोजनाला साहेब आणि शिपाई एकाच कठड्यापाशी गुडघे टेकतात, आणि तिथे कंपनीतला तुझा बँड, म्हणजे हुद्द्याची पायरी, कुठला हे कुणी विचारत नाही. (पाळकसाहेबांचा उपदेश लांबतो, तेवढं सोस.)

आणि मॅनेजरशी बोल. मुकाट सोसणं म्हणजे विश्वास, असं मला वाटत नाही. दावीदानंसुद्धा शौलाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, सिंह मारला, अस्वल मारलं, आणि श्रेय परमेश्वराला दिलं. तूही काय काय केलंस ते आधी कागदावर उतरव. आकडे घाल, नुसतं "मेहनत केली" म्हणू नकोस.

तुझी,
आई