टांगलेली वही आमची आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान ३ वर विद्यापीठातल्या पर्यावरण सप्ताहाची बातमी आलीये, चार फोटोंसकट. त्यातला डावीकडचा खालचा फोटो बघा. नायलॉनच्या दोरीला चिमटे लावून एका जुन्या वहीची पानं टांगलीयेत, मागं निळा कपडा सोडलाय आणि खाली तुम्ही ओळ दिलीये, "जुन्या नोंदवहीच्या पानांतून साकारलेली कलाकृती". ती वही माझ्या वडिलांची आहे. मी कालपासून तीनदा भिंग लावून बघितलं, चूक होणं शक्यच नाही, मधल्या पानाच्या कोपऱ्याला चिमणीने जळलेला डाग आहे तो १९७१ साली माझ्याच हातून पडलाय आणि त्यासाठी मी मार खाल्लाय.

रात्रभर झोप नाही म्हणून आत्ता फोनवरच हे टाईप करतेय, पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या.

आमचा मळा टाकळीला, नासर्डी गोदावरीला मिळते तिथून हाकेच्या अंतरावर. मळ्यात दगडी बांधणीची विहीर, २७ पायऱ्यांची. १९६६ पासून आमचे नाना, म्हणजे वडील, दर अवसेला विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या आहेत ते लिहून ठेवायचे. कशासाठी ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, पण पोळा असो, दिवाळी असो, घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असो, अवस चुकायची नाही. त्यांचा गुडघा अधू होता म्हणून मी पाच-सहा वर्षांची झाले तेव्हापासून उतरायचं काम माझ्याकडं आलं. अनवाणी उतरायचे, पाण्याला पाय लागला की वर तोंड करून ओरडायचे, "नाना, अकरा!" आणि ते थारोळ्याच्या दगडावर वही ठेवून लिहायचे. मग वरून विचारायचे, उत्तरेचा झरा चालूये का गं? मी भिंतीला हात लावून बघायचे, पाझर लागला तर हो म्हणायचे, आणि मग ते ओळीच्या पुढं एक टिंब द्यायचे. त्या टिंबाचा अर्थ आज या जगात मला एकटीला माहितीये.

७३ च्या उन्हाळ्यात, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळात, २७ च्या २७ पायऱ्या उघड्या पडल्या, नानांनी खाली शिडी सोडली आणि मी तळाला गेले तर वाटीने भरावं लागेल एवढंच पाणी. त्या ओळीत आकडा नाही, नुसतं "तळ" लिहिलंय. आणि त्याच्या मागं ६९ च्या पुराची ओळ आहे, गोदावरीचं पाणी नासर्डीत उलटं चढलं होतं तेव्हाची, तिथं लिहिलंय "पायरी नाही". असं ३८ वर्षं. २००३ चा सिंहस्थ झाला आणि त्यानंतर वर्षभरात नाना गेले, शेवटची दोन पानं माझ्या अक्षरात आहेत.

आता वही तिकडं गेली कशी ते सांगते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी दोन मुली आणि एक मुलगा घरी आले, विहिरींवर संशोधन चाललंय म्हणाले. मुलं चांगली होती हो, चहा घेतला, विहीर बघितली, जाळीतून वाकून फोटो काढले. वही बघून तर एका मुलीच्या डोळ्यात पाणी आलं. मी म्हटलं, फोनवर पानांचे फोटो काढून घ्या इथंच बसून. तर म्हणाले, काकू, नीट स्कॅन करायला लागेल, दोन दिवसांत झेरॉक्स काढून मूळ वही आणून देतो. मी दिली. लाल कापडी बांधणीची चोपडी, लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू लागलेली, मी पिशवीत घालून दिली आणि वर सांगितलं की ओली करू नका.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. फोन केला की परीक्षा चालू आहे, मग सबमिशन आहे, मग फोन उचलणंच बंद. मी दोनदा रिक्षाने तिकडं गेले, गेटवर कुणाकडं काम आहे विचारतात, मला पोरांची नावं माहीत पण विभाग माहीत नाही, म्हणून दोन्ही वेळा बाहेरूनच परत. एकदा तासभर उन्हात उभी होते. आणि काल ती वही मला तुमच्या पेपरात दिसली, तीही बांधणी उसवून.

सगळ्यात जास्त लागलं ते तुमच्या बातमीतलं शेवटून दुसरं वाक्य. भूजलावरच्या परिसंवादात "शहरातील विहिरींच्या ५० वर्षांपूर्वीच्या नोंदीच उपलब्ध नसल्याची खंत व्यक्त करण्यात आली". अहो, त्याच आठवड्यात, त्याच आवारात, दुसऱ्या दालनात त्या नोंदी दोरीवर टांगलेल्या होत्या! विज्ञान, कला, नाटक, वाणिज्य सगळे विभाग एकत्र आले असं बातमीचं पहिलंच वाक्य आहे. एकत्र आले तर खंत व्यक्त करणाऱ्या सरांनी ते दालन बघितलं नाही का? आणि पानं टांगणाऱ्या मुलांना तो परिसंवाद कशावर आहे हे माहीत नव्हतं का? वही वाचली कोणीच नाही, हे माझं म्हणणं आहे. एकाने अक्षर सुंदर म्हणून टांगली, दुसऱ्याला ती आहे हेच माहीत नाही.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ साली सुरू झाली, त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून ४ वेळा मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. नाना त्याच्या ६ वर्षं आधीपासून वर्षाला १२ वेळा मोजत होते, अधिक महिना आला तर १३. पायरीने मोजलं म्हणून ते शास्त्र नाही असं कोणी म्हणत असेल तर अख्खं नाशिक पूर कशाने मोजतं? गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कंबरेला पाणी लागलं की छातीला, यावरूनच ना? पायरीची उंची टेपने मोजून घ्या, आकड्याला गुणा, झाले फूट. माझी लेक शाळेत भूगोल शिकवते, तिने मला सांगितलं की जपानमध्ये क्योटोला चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी तिथल्या शास्त्रज्ञांनी जुन्या रोजनिश्यांमधून शोधून काढल्या, पार इसवी सन ८१२ पासूनच्या, आणि हवामान कसं बदलत गेलं ते त्यावरून मांडलं. त्या रोजनिश्याही कुणाच्या तरी घरातल्याच असणार. पण तिथं त्या आधी वाचल्या.

नानांच्या वहीत काय आहे ते मी न बघता सांगू शकते. आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी मुरमात आणि भेगांत मावेल तेवढंच, म्हणून विहीर दोन पावसात भरते आणि तशीच भराभर उतरते. सत्तरीच्या दशकात, दुष्काळ सोडला तर, चैत्राच्या अवसेला, म्हणजे आखाजीच्या तोंडावर, अकरा-बारा पायऱ्या उघड्या असायच्या. आजूबाजूला बोअर पडायला लागले तसं ते सतरा, एकोणीस, बावीस होत गेलं. टिंबं तर नव्वद सालानंतर उन्हाळ्यात दिसतच नाहीत, उत्तरेचा झरा मेला तो तेव्हा. आणि एका पानावर, साल मला आत्ता आठवत नाही, नानांनी पहिल्यांदा पाण्याचा वास लिहिलाय. "पाण्याला वास. गुरांना दिलं नाही." एवढंच. पुढच्या अवसेला पुन्हा तेच. वर कारखाने झाले, नासर्डीत काय काय सुटायला लागलं ते नाशिककरांना मी सांगायला नको. या शहराची ३८ वर्षांची कर्मकथा आहे ती, आणि तिला निळा कपडा लावून टांगलंय.

चित्र काढायला, नाटक करायला माझी ना नाही. मुलांनी जरूर करावं. विहिरीत उतरून यावं, पायरीला हात लावून यावं आणि मग हवं ते करावं, मी स्वतः दिवा धरून खाली येईन.

नासर्डीवरून आठवलं म्हणून हेही लिहिते. तुमच्याच पेपरात मागच्या महिन्यात दोनदा "नासर्डी नाला" छापून आलं. ती नदी आहे. तिचंच नाव नंदिनी, तिच्या काठावर टाकळीला समर्थ रामदासांनी १२ वर्षं तप केलं म्हणून आपण लोकांना गोमय मारुती दाखवायला घेऊन जातो, आणि पेपरात लिहिताना नाला? तुम्ही नाला म्हटलं की लोक नाल्यात टाकतात ते सगळं तिच्यात टाकतात. लहानपणी आम्ही तिचं पाणी प्यायलोय. सगळं कौतुक रामकुंडाचं, सप्ताहातसुद्धा गोदावरीवरच चार व्याख्यानं, तिला मिळणाऱ्या नदीचं कोणी नाव घेत नाही. हे पत्र छापलं नाहीत तरी चालेल पण ते नाला तेवढं बंद करा.

आता मुद्द्याचं. मला कुणावर तक्रार करायची नाही, पोलिसात वगैरे तर अजिबात नाही, पोरांचं वर्ष वाया जावं असं माझ्या मनात नाही. वही परत पाहिजे. पण एक अडचण आहे आणि ती ताबडतोब तिथं कळवा, म्हणून खरं तर हे पत्र. नाना साल फक्त पाडव्याच्या पानावर लिहायचे, तेही शके. बाकीच्या पानांवर नुसता महिना आणि आकडा. बांधणी उसवलेली, पानांना नंबर नाहीत, त्यामुळं दोरीवरून काढून एकदा ढीग केला की कुठलं पान कुठल्या सालातलं ते ब्रह्मदेवालाही लागायचं नाही. फोटोत मला जेवढी पानं दिसली त्यात दोन आत्ताच मागंपुढं लागलीयेत. मी बसून लावू शकते, अधिक महिन्यावरून, माझ्या अक्षरावरून, शाई बदलली त्यावरून, पण पानं सगळी असली पाहिजेत, एकही कमी नको. फोटोत मी २३ मोजली. वहीत याहून जास्त होती. बाकीची कुठं आहेत?

सप्ताह शनिवारी संपतोय असं बातमीत आहे. मी शनिवारी सकाळी १० ला गेटवर येते, लेकीला घेऊन, रिकामी फाईल आणि पेन्सिल घेऊन. कोणीतरी गेटवर सांगून ठेवा की एक बाई येतील, त्यांना दालनापर्यंत सोडा. त्यानंतर भूजलवाल्या सरांना लागेल तेवढे दिवस मी त्यांच्यासोबत बसून एकेक ओळ वाचून देईन, टिंबांसकट, पैसे नकोत. तोपर्यंत पानांना कोणी हात लावू नका. आणि काढायचीच वेळ आली तर आधी चिमटा दाबा, पान ओढू नका, कडेचा कागद पार ठिसूळ झालाय.

आपली,
टाकळीच्या नानांची मुलगी, नाशिक
(नाव आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये, फक्त विद्यापीठातून विचारलं तर द्यावा.)